खिडकीखालची पिशवी

"वळू नका," मागून कुणीतरी म्हणालं. "तशाच उभ्या राहा. एकच मिनिट."

बाई बसथांब्यावर उभी होती. खांद्याला पिशवी, नजर रस्त्याच्या वळणावर. तिथून बस आधी नुसती टपापुरती दिसते आणि मग सबंध होते. आवाज तरण्या मुलीचा होता, त्यात विनवणी होती, पण ते दोन शब्द कानांवर पडले आणि बाईच्या मानेवर काटा आला. हेच दोन शब्द तिला पूर्वी एकदा ऐकवले होते. तिच्याच घरात, तिच्याच खिडकीशी, तिची तिशीही उलटली नव्हती तेव्हा. तेव्हा ती वळली नव्हती. या खेपेला ती गर्रकन वळली, इतकी की गुडघ्यातून कळ निघाली.

"अरेरे, वळलात," मुलगी म्हणाली. तिच्या नखांत वाळलेली माती होती आणि भुवईवर मातीचंच एक बोट उमटलेलं होतं.

"वळू नको तर काय करू? पाठीला डोळे आहेत माझ्या?"

"चुकलं, काकू. तुमच्याच घरी निघाले होते. पण महिनाभर तुमची पाठ बघतेय ना मी, पडद्यावर, थांबवून थांबवून. ती अशी समोर दिसली आणि राहवलं नाही. एवढ्या गर्दीत ओळखली बघा."

म्हणजे ही ती पुतळेवाली. मुलानं फोनवर सांगितलं होतं. मुलगा आता पोलिसांत मोठा साहेब झाला होता, आणि ज्या वसाहतीत तो लहानाचा मोठा झाला तिच्या फाटकाशी पोलिसांच्या घरच्यांसाठी एक पुतळा बसवायचं ठरलं होतं. कसला पुतळा, तर त्या जुन्या मालिकेतल्या इन्स्पेक्टरच्या बायकोचा, खिडकीशी पाठमोरी उभी असते ती. सगळ्यांना आठवते. "आणि आई, मी कमिटीला सांगितलं की ती पाठ खरी कुणाची आहे. सगळे उभेच राहिले. एक मुलगी येईल हाताचा साचा घ्यायला. नाही म्हणू नकोस." बाई तेव्हा नाही म्हणाली नाही आणि हो देखील म्हणाली नाही. तिनं गॅस बंद करायचाय म्हणून फोन ठेवला होता.

"एक विचारायचं होतं," पुतळेवाली म्हणाली. "कमरेखाली काय होतं?"

"कमरेखाली पाय होते."

"तसं नाही हो," ती हसली. "मला पुतळा सबंध उभा करायचाय. मालिकेत तुम्ही कमरेपर्यंतच दिसता. खाली काय ते कुणी दाखवलंच नाही. साहेब म्हणाले, अनवाणी करा, घरात बाई अनवाणीच असणार. पण म्हटलं, जिची पाठ आहे तिला विचारावं."

बाईच्या पाठीमागून बस आली, थांबली, दोघी-तिघींना घेऊन गेली. ती बाईच्या लक्षातच आली नाही. इतक्या वर्षांत तिला कुणीही हे विचारलं नव्हतं. वसाहतीतल्या बायकांनी नाही, मुलानं नाही, ज्या माणसानं ते दृश्य टिपलं त्यानंसुद्धा नाही. साऱ्या दुनियेनं ती पाठ बघितली, त्या पाठीवरून काय काय ओळखलं, उसासे टाकले, आणि त्या बाईला पाय आहेत की नाहीत याची कुणाला पडलेली नव्हती. "परवा ये," ती पुतळेवालीला म्हणाली. "आज माझी बस चुकवलीस तू."

पुढच्या बसची वाट बघत ती फलकाखालच्या बाकावर बसली आणि ती मालिका तिच्या डोळ्यांपुढून सरकायला लागली. काय घर होतं त्या इन्स्पेक्टरचं! बैठकीच्या खोलीतूनच वर जाणारा जिना. फुलदाणीत रोज ताजी फुलं. बायको कधी ओट्याशी दिसायची नाही, पण ताट मात्र वाढलेलं, वर दुसरं ताट झाकलेलं. तो दोन घास खायला बसला की फोन वाजायचा, आणि ती म्हणायची, "तुम्ही जा, माझी काळजी करू नका." हेच एक वाक्य, दर भागात. तिला दात दुखायचा नाही. तिची आई आजारी पडायची नाही. तिनं नवऱ्याला कुठं होतात विचारलं तर मागं करुण वाद्य वाजायचं, म्हणजे बघणाऱ्यानं समजायचं की बाईचं चुकलं. मुलगा पायरीवर झोपून जायचा, हातात कागदी टोपी, आज वाढदिवस होता. आणि गुंडांना साहेबांचं घर नेमकं सापडायचं. बाईच्या वसाहतीत दिवे दुरुस्त करणारा माणूस अर्धा दिवस फिरून परत जायचा, आणि इथं बाहेरगावचा गुंड थेट दारात! मग बायकोला पळवायचं, गोदामात खुर्चीला बांधायचं, की साहेबाला राग चढायला मोकळा. साहेबाला राग यावा म्हणून घर होतं ते. नाहीतर त्या घराचा मालिकेत उपयोग काय होता?

आणि मालिकेतल्या हवालदाराला तर घरच नव्हतं. ही गोष्ट पहिल्यांदा तिच्या नवऱ्याच्या ध्यानात आली, आणि तो स्वतः हवालदार होता. शेजाऱ्यांच्या टीव्हीसमोर मांडी घालून बसला असताना तो एकदम म्हणाला, "काय गं, साहेब संध्याकाळी घरी जातो. आम्ही कुठं जातो?" सगळे हसले. पडद्यावरचे हवालदार सलाम ठोकायचे, केळ्याच्या सालीवरून घसरायचे, आणि दृश्य संपलं की जिथल्या तिथं विरून जायचे. त्यांना बायको नव्हती, पोरं नव्हती, बुटांत भिजलेले मोजे वाळत घालायला दोरी नव्हती.

चित्रीकरणाचा तो दिवस आला तेव्हा तिच्या घरची दोरी मात्र काढायला लावली होती. त्या मालिकावाल्यांची एक रीत होती. बायकोचं सगळं वाट बघणं ते एकाच दिवशी उरकायचे. खिडकीशी उभी असलेली, घड्याळाकडे बघणारी, ताट झाकणारी, कडीला हात लावणारी, सगळं एकदाच टिपून ठेवायचं आणि मग हवं तेव्हा, हव्या त्या भागात जोडायचं. सकाळी काम सुरू, संध्याकाळपर्यंत वर्षभराची वाट बघून तयार. त्या दिवशी नेमके नटीचे डोळे आले होते. लाल, चिकट, काजळ लावायची सोय नाही. दिग्दर्शक केस उपटत होता. खिडकीतून रस्ता दिसतो आणि उजेड चांगला येतो म्हणून खोली हवालदाराची घेतलेली, आणि हवालदार स्वतः खाली पोरांची गर्दी हटवत होता. तो वर येऊन म्हणाला, "पाठच पाहिजे ना? माझी बायको आहे की!"

त्याची बायको तेव्हा पायात कॅनव्हासचे बूट घालून, नाड्या बांधून, पिशवी भरून निघायच्या बेतात होती. मोठ्या इस्पितळात प्लास्टरच्या खोलीसाठी बाई हवी होती आणि त्या दिवशी दुपारी काम करून दाखवायचं होतं. हे तिनं हवालदाराला सांगितलं नव्हतं, कारण त्यानं दोनदा सांगून ठेवलं होतं की पोलिसाची बायको बाहेर काम करायला लागली म्हणजे त्याची काय शोभा राहिली. तो वाईट माणूस नव्हता. त्यालाही कुणीतरी ते सांगून ठेवलेलं होतं. तिला काही बोलता येईना. कपडेवाल्यानं नटीचा निळा गाऊन तिच्या कपड्यांवरूनच चढवला, तिला खिडकीशी नेऊन उभं केलं आणि मागून दिग्दर्शक म्हणाला, "वळू नका." तिनं पिशवी हळूच पायाशी ठेवली, भिंतीला टेकवून. कॅमेरा कमरेवरच होता. पिशवीचा पट्टा तिनं बोटांत धरूनच ठेवला. खाली, चौकटीच्या खाली, कुणाला दिसत नव्हता.

आणि ती बघत राहिली. रस्त्याच्या वळणाकडे. बस तासातून एखादी, चुकली तर पुढची कधी ते बसवाल्यालाही सांगता यायचं नाही. एक गेली. "पुन्हा घेऊ," दिग्दर्शक म्हणाला. दुसरी गेली. "खांदे थोडे खाली. त्याचा विचार करा." तिनं केला. तिच्या मनात आलं, माझा नवरा खाली शिट्टी वाजवतोय, मी वर उभी राहून त्याची वाट बघतेय, आणि खरी वाट मला बसची आहे. तिला हसू फुटलं आणि पाठ थरथरली. "वा!" दिग्दर्शक कुजबुजला, "रडतेय, बघा, रडतेय." मग उन्हं कलायला लागली, हाताचा तळवा घामानं पट्ट्याला चिकटला, आणि वळणावर टप दिसला. ती पळाली. दिग्दर्शकाला नाही, कुणाला नाही, काही न सांगता पिशवी उचलून वळली आणि दाराकडे अशी धावली की केस सुटले. कॅमेरा चालूच होता. जिन्यावर मागून कपडेवाला ओरडत होता, "अहो गाऊन! गाऊन!" पण ती बसमध्ये होती. निळ्या गाऊनमध्येच तिनं इस्पितळात काम करून दाखवलं. डॉक्टरांना आधी वाटलं पेशंट आहे. "काय मोडलंय?" त्यांनी विचारलं. "अजून काही नाही," ती म्हणाली. त्यांनी टेबलाच्या पायाला पट्टी बांधायला सांगितली, आणि तिनं ती अशी बांधली की ते टेबल पुढं कितीतरी दिवस एका पांढऱ्या पायावर उभं होतं.

तेच धावणं मालिकेचं सोनं झालं. साहेबाच्या गाडीचा आवाज आला की खिडकीतली बायको वळायची आणि दाराकडे धावायची. कॅमेऱ्यानं मान आणि केस तेवढे टिपले होते, पिशवी खाली राहून गेली होती. पुढं ती नटी मालिका सोडून गेली, तर तिच्या जागी दुसरी घ्यायच्या फंदात कुणी पडलं नाही, पाठीवर भागवलं. मग बायको मारूनच टाकली. त्या आठवड्यात वसाहतीतल्या बायका रडून घरी आल्या आणि बाईला म्हणाल्या, "कसं वाटतं गं, मेल्यावर?" ती प्लास्टरचे हात धूत होती. म्हणाली, "भूक लागलीय." पण मेल्यावरही सुटका कुठं होती? साहेबाला तिची आठवण आली की तीच खिडकी, तीच पाठ, तेच धावणं. जिवंतपणी धावली त्यापेक्षा मेल्यावर जास्त धावली.

नवऱ्याला नोकरीचं चित्रीकरणाच्या संध्याकाळीच कळलं. तो फुलून आला होता, सगळे म्हणत होते काय धावली हवालदाराची बायको! तिनं सांगितलं, "मला काम लागलं." त्यानं बुटाची एक नाडी सोडली आणि दुसरी तशीच ठेवली. "कसलं?" "हाडं बांधायचं." "कुणाची?" "ज्याची मोडतील त्याची." बरेच दिवस तो घुम्यासारखा वागला. ताट घ्यायचा, जेवायचा, उठायचा. एकदा दार ठोठावून उभा राहिला, खिशात किल्ली असून. तिनं आतूनच विचारलं, "किल्ली हरवली का?" मग कुलपात किल्ली फिरली. त्यानंतर काही आठवड्यांनी मालिकेत ते धावणं पहिल्यांदा दाखवलं. खोलीभर माणसं. ती पडद्यावर वळली, धावली, आणि कुणीतरी हळहळलं. हवालदारानं तिच्याकडे बघितलं नाही. फक्त तिला ऐकू जाईल इतक्याच आवाजात म्हणाला, "आली बघ बस." त्याला कळलं होतं. कसं, ते त्यानं कधी सांगितलं नाही, तिनं विचारलं नाही. पण तो जाईपर्यंत, जेव्हा जेव्हा ते दृश्य लागायचं, टीव्हीवर, दुकानात, नंतर मुलाच्या घरी, तेव्हा तो खाली मान घालून तेच म्हणायचा. "आली बघ बस." कुणाला कधी कळलं नाही की दोघं म्हातारी का हसतात.

हसू येत नव्हतं ते इस्पितळात. प्लास्टरच्या खोलीबाहेर बाकडी होती, वर भिंतीला टीव्ही. मोडलेले लोक खाली बसून वर बघायचे. एकदा वसाहतीतलीच एक बायको आली, मनगट वाकडं झालेलं. "जिन्यावरून पडले," म्हणाली. बाईनं पट्टी पाण्यात बुडवली, पिळली. वसाहतीत सगळ्यांचा मिळून एकच जिना होता, बाहेरून, धरायला चांगला जाड कठडा असलेला, आणि त्यावरून बायका फार पडायच्या. नवरे कधी पडायचे नाहीत. बाई पट्टी गुंडाळत असताना ती बायको वर टीव्हीकडे बघत होती, पडद्यावर निळा गाऊन खिडकीशी उभा होता, आणि ती म्हणाली, "कशी वाट बघते नाही? आम्ही पण बघतो. पावलांचा आवाज ऐकतो जिन्यावर. कुठल्या चालीनं चढतोय ते." बाईनं पट्टीचा पुढचा वेढा घेतला. प्लास्टर बसताना गरम होतं, आतल्या आत, अंगात ताप भरावा तसं, आणि पेशंट घाबरतो. त्या वेळी त्याला बोलत ठेवायचं असतं. हलला की सगळं वाया. म्हणून ती एरवी अखंड बडबडायची, पोरांना कोडी घालायची, म्हाताऱ्यांना त्यांच्या सुनांबद्दल विचारायची. वाकड्या मनगटाच्या त्या बायकोला मात्र तिला काही विचारता आलं नाही. वर पडद्यावर तिची स्वतःची पाठ वाट बघत राहिली.

त्या पाठीचा आता पुतळा होणार होता. त्याच फाटकाशी, त्याच जिन्यासमोर.

परवा पुतळेवाली आली ती बादली, पट्ट्या आणि तेलाची बाटली घेऊन. मुलगाही आला, गणवेशातच, मध्येच वेळ काढून. तो उंच होता, दारातून येताना अजूनही मान वाकवायचा, जरी हे दार वसाहतीतल्या दारासारखं बुटकं नव्हतं. आल्याआल्या त्याचा फोन वाजला आणि तो गॅलरीत गेला. तेवढ्यात पुतळेवालीनं बाईच्या हाताला तेल चोळलं आणि म्हणाली, "हात असा खिडकीच्या कट्ट्यावर, पालथा. कमिटीनं मंजूर केलेल्या चित्रात आहे तसा."

"नव्हताच तसा," बाई म्हणाली. तिनं खुंटीवरची पिशवी काढली, रोजची, बसची, आणि तिचा पट्टा मुठीत घट्ट धरला. "असा होता. खाली. आणि पायात बूट होते, नाड्या बांधलेले. तू विचारलंस ना?"

पुतळेवाली मुठीकडे बघत राहिली. "कुठं निघाला होतात?"

"कामाला."

गॅलरीत मुलाचा आवाज चढला, कुणालातरी झापत होता. पुतळेवालीनं एकदा तिकडे बघितलं, एकदा मुठीकडे, आणि पट्टी पाण्यात बुडवली. बुडबुडे निघायचे थांबेपर्यंत थांबली. बाईला ते आवडलं. पहिला थर मनगटावर पडला, गार. मग बोटांवर, पट्ट्यावर, गाठींवर. ओल्या खडूचा तो वास बाईच्या नाकात गेला आणि तिचं सगळं आयुष्य त्या वासात उभं राहिलं, टेबलाच्या पांढऱ्या पायासकट.

मुलगा आत आला तेव्हा मूठ पांढरी झाली होती, पण अजून लिबलिबीत होती. त्याला एका नजरेत दिसलं. नजर पोलिसाची होती.

"हे काय? पिशवी कशाला हातात?"

"सर, काकू म्हणाल्या..."

"आई, सोड ती. अजून ओलं आहे. अहो, काढा ते."

"तिला कशाला झापतोस? मला विचार ना," बाई म्हणाली. "विचार. मी कुठं पळून जाते?"

"काय विचारू? सगळ्यांना माहितीय ते दृश्य. पिशवी नव्हती त्यात."

"दिसत नव्हती. आणि ती धावली ते कुणासाठी?"

"कुणासाठी म्हणजे? गाडीचा आवाज आला म्हणून."

"खोलीत गाडीचा आवाज नव्हता, बाळा. तो मागून जोडला. मी धावले बससाठी. प्लास्टरच्या कामाची परीक्षा होती माझी."

तो हसला, विश्वास न बसल्यासारखा, आणि मग त्याचं हसू मावळलं. मनगटाखाली ऊब सुरू झाली होती. बाईनं ती ओळखली. जरा वेळ अजून.

"बाबांना माहीत होतं?"

"त्यांनाच सगळ्यात आधी कळलं."

"आणि मला?" तो म्हणाला. त्याचा आवाज एकदम गणवेशातून खाली उतरला. "आई, मी शेजारच्यांकडे बसून बघायचो. शाळेतून यायचो, गळ्यात किल्ली, घर बंद. मग त्यांच्या टीव्हीवर तू असायचीस. तू कुणाची तरी वाट बघत असायचीस. पोरं म्हणायची, तुझी आई बघ. मी म्हणायचो हो, माझीच. घरी कधी तू खिडकीत नव्हतीस. तिथं असायचीस. तेवढं तरी खरं असू दे ना माझ्यासाठी!"

पुतळेवालीनं मान खाली घातली. बाईला वाटलं, उठावं आणि त्याच्या केसांवरून हात फिरवावा, पण हात तिचा नव्हता, तो गरम होत चालला होता. आणि दुसरा हात तिनं उचलला नाही. हा पोरगा जवळ घेतला की विरघळतो, आणि त्यावर मान हलवून आपणही विरघळायचं, हे ती ओळखून होती. मग वर्षानुवर्षं त्या फाटकाशी अनवाणी उभं राहायचं. येणारी-जाणारी प्रत्येक पोरगी बघणार, अशी असते पोलिसाची बायको. प्रत्येक नवरा बायकोला दाखवणार. आणि तो जिना समोरच.

"खरं सांगू? तुला कुठं उचलून आणलं होतं तू कुंपणावरून पडलास तेव्हा?"

"इस्पितळात. तू होतीस तिथं."

"कुठला हात?"

"डावा."

"कुणी बांधला?"

"तूच बांधलास. डॉक्टर म्हणाले मी बांधतो, तू म्हणालीस, व्हा बाजूला."

"रडलास?"

"नाही." त्याला ते आठवत होतं, चेहऱ्यावर दिसलं. "तू मला विचारत होतीस, मोठा झालास की काय होणार. मी म्हणालो पोलीस. तू म्हणालीस, कसला पोलीस, काठीवाला की टोपीवाला? मी म्हणालो टोपीवाला. तू म्हणालीस टोपी कुठल्या रंगाची? मी म्हणालो... तू म्हणालीस, आणि बूट? आणि शिट्टी? एकामागून एक. मला हलायला वेळच..."

तो थांबला.  पुतळेवालीनं बोटाच्या मागच्या बाजूनं पांढऱ्या मुठीवर हळूच टिचकी मारली. ठक्क, असा कोरडा आवाज आला.

"बसलं," बाई म्हणाली.

मुलगा तिच्याकडे बघत राहिला. "तू मला बोलत ठेवलंस," तो म्हणाला. "आत्ता. तसंच."

"मग? हललास की वाया जातं."

"आई!"

"ओरडू नकोस. सांग तुझ्या कमिटीला, दुसरा हात पाहिजे असेल तर दुसरीचा घ्या. मी परत बसणार नाही. मला वाट बघणारी म्हणून उभी करणार असाल तर मी स्वतः फाटकाशी येऊन बसेन, रोज, खुर्ची टाकून, आणि येईल त्याला सांगेन की ही बाई बससाठी थांबलीय. माझ्यापाशी वेळ पुष्कळ आहे. आणि पुतळेवाली, बूट विसरू नकोस. कॅनव्हासचे. डाव्याची नाडी तुटकी होती, गाठ मारलेली."

पुतळेवालीनं हसू दाबत मान हलवली. बारीक करवतीनं तिनं करंगळीच्या बाजूनं कड कापली. करवत घुर्रघुर्र करत फिरली तेव्हा मुलगा दचकून मागं सरला आणि बाईला गंमत वाटली, एवढा मोठा साहेब झाला, अजून करवतीला भितो. साचा उकलला. आत मुठीची पोकळी, बोटांच्या गाठी, पट्ट्याची शिवण सुद्धा उमटलेली. मुलानं तो अर्धा तुकडा हातात घेतला आणि उजेडाकडे धरला. बराच वेळ धरला.  मग पोकळीत त्यानं आपलं एक बोट घातलं, जिथं तिचा अंगठा होता तिथं, आणि काढलं.

बाईनं हात धुतला. नखांच्या कडांना पांढरं राहिलं, ते तिनं राहू दिलं. पिशवीच्या पट्ट्यावर प्लास्टर कडक होऊन बसलं होतं, तेही तिनं झाडलं नाही. इस्पितळातल्या जुन्या बायका तिची वाट बघत असणार, क्ष-किरणवाली, कपडे धुणारी, शवागारात होती ती, बागेतल्या बाकावर पत्ते पिसून बसलेल्या, आणि उशीर झाला की तिला सगळ्यांत वाईट पानं वाटून ठेवणार. ती बूट घालायला खाली वाकली. गुडघ्यानं नको म्हटलं. नाडी सापडेना.

"गाडी आहे खाली," मुलगा म्हणाला. "सोडतो."

"नको. बस आहे."

 तुकडा टेबलावर ठेवून तो खिडकीशी गेला, एक हात कट्ट्यावर टेकवून उभा राहिला, रस्त्याच्या वळणाकडे बघत. त्याची पाठ रुंद होती, वडलांसारखी, आणि खांदे जरा खाली आलेले. पुतळेवाली बादलीत हात बुडवून तशीच त्याच्याकडे बघत राहिली. बाईनं दुसऱ्या बुटाची नाडी ओढली, गाठ मारली, पिशवी खांद्याला लावली. खिडकीत तो हलला नाही. आणि मग, मागं न वळता, तो म्हणाला,

"आई, आली बघ बस."

बाई दारात थबकली. त्याला काय माहीत हे शब्द कुणाचे आहेत. त्याला ते कधी कुणी सांगितलेच नव्हते. आताही ती सांगणार नव्हती. बस उभी राहत नाही. तिनं जिन्याचा कठडा धरला आणि गुडघे देतील तेवढी धावली.